रिकामी खिडकी म्हणजे उधळपट्टी नव्हे

महोदय,

रांगेत ताटकळणाऱ्या ग्राहकांनी तक्रार केली की व्यवस्थापनाकडून बहुधा एकच उत्तर मिळते : खिडकीवरचा कर्मचारी ताशी २० जणांचे काम उरकू शकतो, येणारे सरासरी १८च आहेत, मग रांग लागण्याचे कारणच काय? ग्राहक ठरावीक अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकाच्या कामाला सारखाच वेळ लागत नाही, हे या हिशेबात धरलेलेच नसते. चौघे एकदम येतात, नंतर काही मिनिटे कोणीच फिरकत नाही. त्या मोकळ्या मिनिटांत वाया गेलेली क्षमता पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाही.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी संभाषणांना संभाव्यतेचे गणित लावले आणि त्यातून पुढे रांगांचे शास्त्र उभे राहिले. त्यातले सर्वांत साधे प्रारूप घेतले, म्हणजे खिडकी एक, ग्राहकांचे येणे आणि कामाचा वेळ दोन्ही यादृच्छिक, आणि एका कामाला सरासरी ३ मिनिटे, तर ताशी १६ ग्राहक आल्यास प्रत्येकाला सरासरी १२ मिनिटे थांबावे लागते. १८ आल्यास २७ मिनिटे, आणि १९ आल्यास तब्बल ५७! शेवटच्या एका ग्राहकाने प्रतीक्षा दुपटीहून अधिक वाढते. तेव्हा कर्मचारी अधूनमधून मोकळा बसलेला दिसला की त्याला दुसऱ्या कामाला जुंपणारे अधिकारी बचत करत नसतात, ग्राहकांचा वेळ खर्ची घालत असतात.

दुसरा मुद्दा रांगेच्या रचनेचा. वरच्याच उदाहरणात दोन खिडक्यांपुढे दोन स्वतंत्र रांगा असतील आणि प्रत्येकीत ताशी १८ जण येत असतील, तर प्रतीक्षा २७ मिनिटेच राहते. तेच ३६ जण एका सामाईक रांगेत उभे करून जी खिडकी मोकळी होईल तिकडे पाठवले, तर ती सुमारे १३ मिनिटांवर येते. लोक शेजारच्या रांगेत सरकून हा तोटा थोडाफार भरून काढतात, हे खरे. पण वादही तिथेच होतात. खिडक्यांची कामे वेगवेगळी असतील तिथे मात्र सामाईक रांग सरसकट लागू करता येणार नाही.

मोजमापाला फार साधने लागत नाहीत. रांगेत सरासरी २४ माणसे असतील आणि मिनिटाला सरासरी दोघे येऊन तितकेच पुढे सरकत असतील, तर सरासरी प्रतीक्षा १२ मिनिटांची, हा जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम कोणत्याही पर्यवेक्षकाला वापरता येईल. मात्र ही नोंद दिवसभराची एकत्र न ठेवता तासागणिक ठेवावी, कारण दुपारच्या शुकशुकाटाने सकाळची गर्दी कागदावर झाकली जाते, आणि किती खिडक्या कधी उघडायच्या हे ठरवायचे असते ते सकाळच्याच आकड्यांवरून.

– एक वाचक