चारही भाग एका फळीवर हवेत

रविवारच्या पुरवणीत कुमार वाचकांना मालिका-पुस्तके का धरून ठेवतात याची मीमांसा आली आहे. ‘नायक आपल्याच वयाचा असतो’ एवढे उत्तर मात्र अपुरे वाटते. फास्टर फेणे वीसेक पुस्तकांत साधारण त्याच वयाचा राहतो. तिथे ओढ साहसाची. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनची गोष्ट वेगळी. १९९४च्या ‘वनवास’पासून ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’पर्यंत त्याची समज वाढते. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी वाढणारा हा मुलगा बोलतो ते सीमाभागातले कानडी वळणाचे मराठी. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत वावरणाऱ्या गोव्यातल्या मुलांना ती सरमिसळ परकी वाटत नाही. शुद्धलेखनाच्या तासाला चालेल का, हा प्रश्न वेगळा!

अडचण वाचनालयात येते. चार भागांची नोंद चार सुटी पुस्तके म्हणून होते, एक बांधणीला जातो, दुसरा परत येत नाही. मुलाच्या हाती थेट ‘पंखा’ पडतो. कथा सुट्या वाचता येतात, पण लंपन मोठा होताना दिसत नाही. उपाय खर्चिक नाही. पुठ्ठ्याच्या कण्यावर १ ते ४ आकडे घालावेत, संच एकत्र ठेवावा, पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्याव्यात. सर्वाधिक हाताळला जातो आणि आधी उसवतो तो तोच.

– एक वाचक, फोंडा