'स्पोर्ट'च्या बिल्ल्यामागची पायरी

महोदय,

दसरा-दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या गावांतही 'एन लाइन', 'जीटी लाइन', 'जीआर-एस' असे बिल्ले लावलेल्या गाड्यांची चौकशी सुरू होते. वर्तमानपत्रांची वाहनविषयक पाने या सगळ्यांना सरसकट 'स्पोर्टी' म्हणून मोकळी होतात. कंपन्यांनी मात्र यात पायऱ्या पाडल्या आहेत, आणि त्याही चोख हिशेबाने.

बीएमडब्ल्यूत 'एम स्पोर्ट' म्हणजे मुख्यतः बंपर, स्टिअरिंग, चाके. एम३४०आय ही मधली पायरी. एम२, एम३ मध्ये इंजिन, ब्रेक, चेसिस सगळेच वेगळे. टोयोटाची चढण जीआर स्पोर्ट, जीआर आणि सर्वांत वर जीआरएमएन अशी. ह्युंदाईची खरी, इंजिनासकट बदललेली 'एन' परदेशात विकली गेली. तिकडच्या आय२० एनला १.६ लिटर टर्बो, २०४ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे माप) होते. आपल्याकडच्या आय२० एन लाइनला १ लिटर टर्बो, १२० पीएस. सस्पेन्शन जरा कडक, सायलेन्सरचा आवाज वेगळा. रोजच्या वापराला तेवढे पुरते, म्हणून याला फसवणूक म्हणता येणार नाही.

घोळ होतो तो फोक्सवॅगनच्या व्हर्टसमध्ये. 'जीटी लाइन'ला १ लिटर, ११५ पीएसचे इंजिन. 'जीटी प्लस'ला १.५ लिटर, १५० पीएसचे. 'जीटी' दोन्हींवर. म्हणून बुकिंग फॉर्मवर व्हेरियंटचे पूर्ण नाव, सीसी आणि गिअरबॉक्स लिहून घ्यावा. नुसत्या 'जीटी'वर सही करू नये. टाटाने २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणून ११४ पीएसचे टर्बो इंजिन सामान्यांच्या आवाक्यात आणले होते. २०२० मध्ये ती बंद झाली. गिऱ्हाईक बिल्ल्यावरच खूश असेल तर इंजिनावर खर्च कोण करणार?

आता आपल्या रस्त्यांचे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. कडक सस्पेन्शन समृद्धी महामार्गावर छान वाटते. गावरस्त्यावर तेच मणक्याला कळते. त्यात हौसेने मोठी अलॉय चाके बसवली की टायर मार खातो. १९५/५५ आर१६ टायरच्या (रुंदी १९५ मिलिमीटर, भिंत तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) बाजूच्या भिंतीची उंची सुमारे १०७ मिलिमीटर. २०५/४५ आर१७ बसवला की ती ९२ वर येते. हे १५ मिलिमीटर गेले की खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. रिम वाकते, नाहीतर टायरला बाजूने फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. मेच्या दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढली तर रात्री तोच टायर कमी हवेवर धावतो आणि जास्त तापतो.

या किमतीतल्या बहुतेक ड्युअल-क्लच (दोन क्लचच्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्सचे क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडवलेले असतात. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली किंवा बाजारच्या गर्दीत इंच-इंच सरकवली की क्लच तापतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. वापर मुख्यतः गाव-शेत-बाजार असेल तर मॅन्युअल घ्यावी.

आपल्या पुरवणीत गाडीचे परीक्षण छापताना एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती: साध्या मॉडेलच्या तुलनेत इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन आणि टायरमध्ये नेमके काय बदलले, आणि त्यासाठी किती रुपये जास्त मोजावे लागतात.

— एक गॅरेज व्यावसायिक, हिंगणघाट (जि. वर्धा)