पैज अजून मिटलेली नाही

१० मार्च २०२४

प्रिय दिल्या,

खासदारांच्या लाचखोरीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा परवाचा निकाल वाचला आणि पहिला तूच आठवलास. नरसिंह राव सरकारवरची १९९१ ची आपली पैज! 'हे सरकार पाच वर्षं काही काढत नाही' असं मी म्हणालो होतो. ९६ साली मुकाट्याने मिसळीचे पैसे दिले. ते परत हवेत.

माझं काय चुकलं होतं, सांग. दीड वर्षात दुसरी लोकसभा निवडणूक. मतदानाची पहिली फेरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या. उरलेलं मतदान जूनवर गेलं, काँग्रेस २३२ च्या आसपास अडकली. आणि पंतप्रधान कोण, तर ती निवडणूक न लढवलेले, बाडबिस्तरा बांधून हैदराबादला निघालेले नरसिंह राव, आपल्या रामटेकचे माजी खासदार! कोण म्हणेल टिकेल?

तुझं गणित मात्र चोख होतं. सरकारच्या बाजूने बहुमत नसलं तरी चालतं, विरोधात जमलं नाही की झालं. भाजप आणि डावे एकत्र येतील कसे, आणि इतक्यात पुन्हा मतं मागायची हौस कोणाला? खरंच, विश्वासमताला डावे आणि जनता दलाची राष्ट्रीय आघाडी तटस्थ राहिले. अवमूल्यन, गहाण सोनं, मनमोहनसिंगांचा अर्थसंकल्प, सगळं त्या तोकड्या संख्येवर निभावलं. चारशेवर खासदार असलेल्यांनाही हे जमलं नव्हतं.

पण २८ जुलै १९९३ ला तुझं गणित मोडलं. अविश्वास ठरावावर डावे आणि भाजप एकत्र आलेच. २५१ विरुद्ध २६५, सरकार १४ मतांनी वाचलं. त्यातल्या झारखंड मुक्ती मोर्चाच्या मतांसाठी पैसे मोजल्याचा खटला पुढे उभा राहिला. ९८ साली न्यायालय म्हणालं, पैसे घेऊन सभागृहात मत दिलं असेल तर खासदाराला संरक्षण. घेऊन मत दिलंच नाही, तर मात्र खटला! म्हणजे लाचसुद्धा इमानदारीने खायची. सात न्यायाधीशांनी ४ मार्चला तो निकाल फिरवला.

राव स्वतः २००२ मध्ये उच्च न्यायालयातून सुटले, असं तू म्हणशीलच. सुटले. पण आपली पैज कुठे न्यायालयात लागली होती?

तेव्हा पहिली दोन वर्षं तुझी, पुढची तीन वादातली. अर्ध्या मिसळीचे पैसे पाठव, तर्रीचे सोडले. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या