तीन खोल्या, तीन बॉक्स आणि शेवेच्या पिशवीतला स्प्लिटर

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : डीटीएचच्या (छत्रीवरच्या टीव्हीच्या) मल्टी टीव्ही कनेक्शनचं सदोष काम आणि आज रात्री फोनवर मिळालेला सल्ला

आत्ता रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी तुमच्या माणसाने माझा फोन ठेवला. सतरा दिवसांतला हा अकरावा फोन. तो ठेवल्या ठेवल्या लिहायला बसलोय, तेव्हा भाषा कडक वाटली तर वाटू द्या.

घर इंदुरात रामबागेत, जुनं, दुमजली. टीव्ही तीन. हॉलमध्ये 43 इंची, आईच्या खोलीत तिचा जुना डबा टीव्ही, वर मुलाच्या खोलीत नवा. 2011 पासून तुमचं एकच कनेक्शन होतं. घराची डागडुजी झाली म्हणून यंदा तीन करायचं ठरवलं. तुमच्या विक्री विभागाला मी खोलीवार सगळं सांगितलं. आईच्या टीव्हीला एचडीएमआय नाही, मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनाच लागतात, हेही सांगितलं. विचारलं, कुठे कोणता बॉक्स घेऊ? उत्तर आलं, "तिन्हीकडे एचडीच घ्या सर, स्कीम आहे."

घेतले. बॉक्सच्या मागे फक्त एचडीएमआय. मग आईसाठी कन्व्हर्टरची डबी, तिचे 650 रुपये वेगळे. म्हणजे जो टीव्ही एचडी दाखवूच शकत नाही त्याला एचडी बॉक्स, एचडी पॅक, आणि त्या एचडीचं परत साधं चित्र करायला एक डबी! तिथे पिनांचा साधा बॉक्स लागतो हे मी तुम्हाला शिकवायचं का?

असो. ते पैसे गेले. मुख्य तक्रार छतावर आहे.

तीन बॉक्सांना एलएनबीपासून, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागापासून, तीन वेगळ्या वायरी लागतात. तुमच्या फिटिंगवाल्या पोराने जुना एलएनबी काढून दोन तोंडांचा बसवला. एक वायर वर मुलाच्या खोलीत गेली. दुसरीला स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन करणारा जोड, लावून हॉल आणि आईची खोली, दोन्ही तिच्यावरच. मी तिथेच विचारलं. म्हणाला, "चार मुँह वाला आज गाड़ी में नहीं है भिया, इससे भी चल जाएगा." पावतीवर मात्र चार तोंडांच्याच एलएनबीचे पैसे लावलेत. काल पाण्याच्या टाकीमागे जाऊन बघितलं, तर तो स्प्लिटर रिकाम्या शेवेच्या पिशवीत घालून वर काळी टेप गुंडाळलेली. पिशवीत अजून मसाला होता, मुंग्या लागल्या होत्या.

आता रोज रात्री काय होतं ते ऐका. आठला आई तिची मराठी मालिका लावते. त्याच क्षणी हॉलमधल्या बातम्या जातात आणि पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'. चॅनेल कोणतं त्याप्रमाणे बॉक्स वायरीतून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो. तिचं चॅनेल 18 व्होल्टवालं, माझं 13 वालं. वायर एकच, त्यात 18 जिंकतो. हे तुमच्या इंजिनिअरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. परवा मी हॉलमधून नुसता "गेलं वाटतं" म्हणालो, तर तिने आपला टीव्ही बंद केला आणि अंधारात बसून राहिली. "माझ्यामुळे तुझं बंद पडतं का रे?" म्हणाली.

आता आजचा फोन. 'मराठीसाठी चार दाबा' म्हणतात म्हणून चार दाबलं. पलीकडून हिंदी. चालेल, इंदुरात राहतो, हिंदीचं वावडं नाही. आधी त्याने मला बॉक्सचं बटण बंद करून वीस मिनिटं थांबायला लावलं. मग विचारलं, पाऊस आहे का? पाऊस असता तर तिन्ही टीव्ही गेले असते ना हो, फक्त हॉलचा कसा जाईल? मी स्प्लिटर सांगितला, 13-18 सांगितलं, पावती वाचून दाखवली. त्याने मला संगीत ऐकवलं. चार मिनिटं. मग परत आला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "सर, माताजी के टाइम पर आप भी वही देख लीजिए ना. फ़ैमिली साथ में बैठेगी तो अच्छा ही है."

मी गप्पच झालो. ते त्याने होकार समजलं असावं, कारण लगेच, "और कोई सहायता?" आणि फोन बंद. दोन मिनिटांत एसएमएस : आपली तक्रार सोडवली आहे, 1 ते 5 गुण द्या.

अहो, एकत्रच बसायचं होतं तर एक बॉक्स पुरत होता! तीन विकताना नाही कुणाला आमच्या कुटुंबाची एवढी काळजी वाटली. आणि एनसीएफ, म्हणजे दरमहाचं नेटवर्क शुल्क, घेताना? तो तिन्ही बॉक्सांवर लावता. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) 1 जानेवारी 2020 च्या आदेशात दुसऱ्या टीव्हीपासून तो 40 टक्क्यांपेक्षा जास्त नको म्हटलं होतं. पुढे जुलै 2024 मध्ये 130 रुपयांची मर्यादाही उठली, म्हणजे भाव आता तुमच्या मर्जीचा. घ्या हवा तेवढा. पण मग वायर तरी वेगळी द्या! चार तोंडांच्या एलएनबीचे पैसे घेतलेत, तो कुठाय?

आठ दिवस देतो. चार तोंडांचा एलएनबी, आईच्या खोलीपर्यंत स्वतंत्र वायर, तिच्या टीव्हीला पिनांचा बॉक्स आणि 650 रुपये परत. नाही झालं तर 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार जाईल आणि मग इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथे दावा लावता येतो, तुमच्या मुख्यालयाच्या पायऱ्या झिजवायची गरज नाही. हॉलमध्ये मी प्रसार भारतीची फ्री डिश बसवीन. सह्याद्री दिसते आणि महिन्याचं भाडं शून्य. आईची मालिका तिथे नाही, तेवढ्यासाठीच अजून तुमच्याशी बोलतोय. गल्लीतल्या चार घरांत तुमची छत्री मी सांगितलं म्हणून लागली. ते लोक आता भेटले की मी दुसऱ्या बाजूने जातो.

माणूस पाठवाल तो आठच्या आत पाठवा.

2011 पासूनचा एक ग्राहक
रामबाग, इंदूर

ता. क. : पावतीची प्रत आणि स्प्लिटरचा फोटो सोबत आहे. शेवेची पिशवी आयोगासाठी जपून ठेवली आहे, मुंग्या झटकून.