‘पोटॅश’मधली राख

संपादक महोदय,

द्राक्षबागांत सध्या ‘पोटॅश’ हा खताचा शब्द सर्रास ऐकू येतो. त्याच्या पोटात राखच आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. युरोपात लाकडाची राख पाण्यात भिजवून गाळत, ते पाणी लोखंडी भांड्यात आटवत आणि तळाशी उरलेला पांढरा क्षार खरवडून घेत. भांडे म्हणजे ‘पॉट’, राख म्हणजे ‘ॲश’. हंफ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये त्यातून धातू वेगळा केला, तो पोटॅशियम. आपला ‘अल्कधर्मी’ शब्दही मुळात राखेचाच. ‘अल्कली’ हे वनस्पतींच्या राखेचे अरबी नाव.

मराठी ‘राख’ संस्कृत ‘रक्षा’वरून आली, म्हणून रामकुंडावर आपण रक्षाविसर्जन म्हणतो. ‘भस्म’ शब्दात ‘भस्’ म्हणजे खाऊन टाकणे हे मूळ क्रियापद आहे: अग्नीने खाऊन उरलेले ते भस्म.

‘राख’ हा शब्द एक असला तरी वस्तू एक नाही. चुलीच्या राखेत पोटॅश थोडे आणि चुना जास्त असतो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ती पाटीपाटीने ओतली, तर लोह पिकाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अमोनियम सल्फेट या नत्रखतात मिसळली तर नत्र अमोनिया होऊन उडून जाते. झोंबणारा वास येतो तो त्याचाच. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली राख तर दगडी कोळशाची, मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना. ती विटांना उत्तम, पण तिला पोटॅश समजून वेलींना घालू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक