वही घेऊन दारोदार फिरलेल्या ताईंना

प्रिय ताई,

सत्कार करायचा नाही, असं तुम्ही आम्हाला आधीच बजावलं होतं. पत्राबद्दल काही बोलला नव्हतात, तेव्हा ही पळवाट. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते इतर वस्त्यांतही व्हावं असं मला वाटतं. त्याला पैसे फारसे लागत नाहीत. चिवटपणा मात्र भरपूर लागतो.

वस्तीतल्या मुलांबद्दल बोलायला बसलो की आम्हा पालकांची यादी ठरलेली असायची. खेळायला जागा नाही, आईवडील उशिरा घरी येतात, अभ्यास घ्यायला कुणी नाही, संध्याकाळ मोबाइलवर जाते. यातलं काहीही खोटं नव्हतं. पण शेवटी दर वेळी आम्ही एकाच ठिकाणी पोहोचायचो: बाहेरून कुणीतरी येऊन काहीतरी करायला हवं. मग चहा संपायचा आणि बैठकही.

तुम्ही वही घेऊन निघालात आणि काय कमी आहे हे कुणालाच विचारलं नाहीत. तुमचे प्रश्न वेगळे होते. तुम्हाला काय चांगलं येतं? त्यातलं मुलांना दाखवायला आवडेल का? वेळ कधी असतो? आणि ज्याला काहीतरी छान येतं असं आणखी कोण तुम्हाला माहीत आहे?

माझ्या मते सगळी किमया या शेवटच्या प्रश्नात होती. स्वतःबद्दल विचारलं की माणूस संकोचतो. शेजाऱ्याबद्दल विचारा, मग बघा! कपडे शिवणाऱ्या वहिनींनी 'मला कुठे काय येतं' म्हणून तुम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं. वहिनी कागदावर न मांडता, नुसत्या नजरेने माप सांगतात, हे तुम्हाला समोरच्या घरातून कळलं. पुन्हा गेलात. आता त्यांच्याकडे मुलं कापड मोजतात, अर्धा-पाव करतात, उरलेल्या तुकड्यात काय बसेल याचा हिशेब मांडतात. अपूर्णांकांना घाबरणारी माझी मुलगी 'पाऊण मीटरमध्ये दोन पिशव्या बसतील का' यावर वाद घालते. निवृत्त ट्रकचालक काका नकाशा वाचायला शिकवतात. अमुक गावी सकाळी पोहोचायचं तर रात्री किती वाजता निघायचं, घाट लागला तर किती वेळ धरायचा, असली गणितं त्यांना पुस्तकात शोधावी लागत नाहीत.

हे सगळं पाहिल्यावर मी थोडं वाचलं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी 1993 मध्ये हीच रीत सविस्तर मांडली होती: वस्तीचा नकाशा तिथल्या उणिवांवरून काढू नका, तिथली माणसं काय करू शकतात, कोणते लहानमोठे गट आहेत, कोणत्या संस्था आणि जागा आहेत, यावरून काढा. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मुलांच्या घरी पाठवलं होतं, घरची अडचण टिपायला नव्हे, तर शेती, बांधकाम, दुरुस्ती यातलं कोणतं ज्ञान त्या घरात आहे ते शिकून यायला. मग त्यावर वर्गातले धडे बेतले. मी हे उत्साहाने तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, "बरं झालं, त्यांनाही सुचलं."

पण ताई, माझे खरे आभार आहेत ते तुम्ही कोणाकोणाची दारं वाजवलीत त्याबद्दल. मी फिरले असते तर शिक्षक, इंजिनिअर, चित्रकार एवढ्यांकडे गेले असते. तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडेही गेलात. त्यांच्यासाठी काय करता येईल हे सगळे विचारायचे. ते काय करू शकतील हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "मी ऐकू शकतो." वाचताना अडखळणारी मुलं आता त्यांच्यापाशी बसून मोठ्याने वाचतात. आजोबांना घाई नसते, ते मध्येच चूक काढत नाहीत, आणि गोष्ट अर्धी राहिली तर पुढे काय झालं म्हणून दुसऱ्या दिवशी निरोप पाठवतात. वाचायला असा श्रोता मिळणं किती अवघड आहे, हे संध्याकाळी थकून घरी येणाऱ्या आईबापांना विचारा. ऐकू न येणाऱ्या मावशींनी मुलांना खुणांची भाषा शिकवायला घेतली, आणि आता सगळ्या वस्तीत तिथलाच वर्ग सर्वात जास्त दंगा करतो.

हवाई बेटांतल्या काउआईवर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दशकं घेतला. त्यातली जी मुलं गरिबी, आजारपण, घरातली भांडणं अशा अनेक अडचणींत वाढत होती, त्यांच्यातलीही सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे सक्षम, समाधानी माणसं झाली. त्यांच्याबाबतीत पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात भक्कमपणे पाठीशी असलेलं एखादं मोठं माणूस. ते आईवडीलच असेल असं नव्हतं. आजी, शिक्षक, शेजारी, कुणीही. हे वाचल्यापासून मला शिवणकामापेक्षा वहिनी आणि नकाशापेक्षा काका महत्त्वाचे वाटू लागले आहेत.

आता तुमच्या नियमांबद्दल. त्यांच्यामुळे तुम्ही काही जणांच्या मनातून उतरलात, आणि तरी हटला नाहीत. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं. दार उघडं. शिकवणं शक्यतो वाचनालयाच्या दुपारी रिकाम्या असलेल्या खोलीत नाहीतर सभागृहात. कुणाच्या घरी असेल तर आधी पालकांनी तिथे जाऊन यायचं आणि दुसरं मोठं माणूस सोबत हवंच. कुणीही एकट्या मुलाला कुठे न्यायचं नाही, मुलांशी परस्पर फोनवर बोलायचं नाही. 'आमच्यावर विश्वास नाही का?' असं एका सज्जन गृहस्थांनी रागाने विचारलं, तेव्हा तुमचं उत्तर होतं, "तुमच्यावर आहे, पण नियम माणूस बघून बदलायला लागले की ते नियम राहत नाहीत." ते काही दिवस आले नाहीत. मग आले. भिडेखातर एखाद्याला सूट देणं किती सोपं होतं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मुलं इथे निर्धास्त आहेत याचं श्रेय मी आधी या हट्टाला देईन, नंतर आमच्या चांगुलपणाला.

मुलांनाही तुम्ही वहीत धरलंत. त्यांनी काढलेल्या वस्तीच्या नकाशावर आवडत्या जागा हिरव्या होत्या आणि भीती वाटणाऱ्या लाल. जिन्याखालचा अंधारा कोपरा जवळजवळ प्रत्येकाने लाल केला होता. आम्ही रोज तिथून जातो, पण आमची उंची वेगळी. तिथे दिवा लागला तो त्या नकाशामुळे. आणि 'तुला काय येतं' या प्रश्नाला एकाने 'भांडण सोडवता येतं' असं उत्तर दिलं. तेही तुम्ही गंभीरपणे लिहून घेतलंत, आणि मैदानी खेळांचा पंच म्हणून त्याचं नाव लावलंत.

सगळं जमलं असं नाही. बुद्धिबळ दोन-तीन भेटींत आटोपलं. मोठ्या तोंडाने 'मी येतो' म्हणालेले काही जण फिरकलेच नाहीत. नुसती यादी करून काही होत नाही, हेही तेव्हाच दिसलं. कुणाला काय येतं हे कळल्यावर त्या माणसाची आणि मुलाची गाठ घालून देणं, वेळ जुळवणं, विसरलेल्याला न चिडता आठवण करणं, हे कंटाळवाणं काम वहीच्या कितीतरी पट असतं. ते तुम्ही एकटीने ओढलंत. आता आम्ही पाळीपाळीने करतो आणि तरी दमतो.

एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी अजून पटत नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलं गळतात, तर त्यांना शिकवायच्या बाजूला घ्या, असं तुम्ही फोनवर म्हणालात. काही जणांना ते आवडलं. दोघीजणी लहानांना सायकल दुरुस्त करायला शिकवतात. पण उरलेल्यांना सगळ्यापासून जरा लांब, नुसतं बसून बोलायला जागा हवी आहे, आणि प्रत्येक वेळी काहीतरी शिकायला-शिकवायला लावलं तर ती आणखी लांब जातील, असं मला वाटतं. वाचनालयाची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी मोकळी ठेवायचं आम्ही ठरवलं आहे. नियम तुमचेच, कार्यक्रम काहीच नाही. तुम्हाला हे पटणार नाही, हे ठाऊक आहे. येऊन भांडा.

तुमची,
वस्तीतली एक आई