हेड उतरवण्याआधी झाकण तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाडीतले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, हळूहळू कमी होत जाते, खाली मात्र एक थेंबही दिसत नाही. अशा वेळी मालक वरून पाणी घालत राहतो, नाहीतर गॅरेजमध्ये पहिल्याच भेटीत ‘हेड गॅस्केट गेले’ (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील) असा निर्वाळा मिळतो. दोन्हींत इंजिनाचे किंवा खिशाचे नुकसान ठरलेले. कूलंट बंदिस्त यंत्रणेत फिरते. ते कमी होत असेल तर कुठूनतरी बाहेर पडते आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा हेड न उघडता सापडते.

थेंब न दिसण्याचे कारण साधे आहे. बारीक गळतीतले पाणी तापलेल्या इंजिनावर पडताच उडून जाते आणि मागे रंगाचा सुका पापुद्रा उरतो. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा: हिरवट, गुलाबी किंवा पांढरट. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजले की कूलंट तिथून झिरपते, आणि पट्ट्यावरून उडून भलत्याच ठिकाणी दिसते. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते तो सांधा, थर्मोस्टॅटचे घर, हीटरच्या नळ्या आणि ब्लॉकच्या मागच्या अंगाचे पत्र्याचे गोल प्लग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहावेत. एसीचे पाणीही गाडीखाली टपकते, पण त्याला रंग नसतो, वास नसतो आणि बोटाला चिकटपणा लागत नाही.

आधी मोजमाप करा. रात्रभर थंड झालेली गाडी सपाट जागी असताना राखीव बाटलीवर पातळीची खूण करा, मीटरवरचे किलोमीटर लिहा, आणि पुढे जेवढे कूलंट घालाल ते मिलिलिटरमध्ये नोंदवा. गरम इंजिनावर पातळी वर चढते, त्यामुळे तेव्हाचे माप निरुपयोगी. कूलंट नुकतेच बदलले असेल तर आत अडकलेली हवा निघेपर्यंत पातळी थोडी उतरते. ती गळती नव्हे.

मग रेडिएटरचे झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. त्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, बारमध्ये. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यावर १ बार जादा दाब असला की तेच पाणी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग थकली किंवा रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि चालत्या गाडीतून कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीवाटे निघून जाते. गाडी थांबवून बघेपर्यंत सगळे कोरडे. झाकणात एक उलटा वॉल्व्हही असतो. तो अडकला तर थंड होताना बाटलीतले कूलंट रेडिएटरमध्ये परत ओढले जात नाही, वरचा होज पाइप आत चिपकतो, आणि बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा राहतो. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका.

झाकण ठीक असेल तर प्रेशर टेस्ट, म्हणजे रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब टिकतो का ते पाहणे. थंड इंजिनावर झाकणावरील आकड्याइतकाच दाब द्यावा, त्याहून जास्त नाही, आणि १५ मिनिटे काटा पाहावा. ही चाचणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी, कारण ढिला क्लॅम्प कित्येकदा फक्त थंडच असताना गळतो. काटा उतरतो पण बाहेर काही दिसत नाही, अशा वेळी पुढच्या सीटसमोरची, पायाखालची चटई दाबून बघा. ती ओली, काचेवर तेलकट वाफ आणि आत गोडसर वास असेल तर हीटर कोअर, म्हणजे गाडीच्या आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, गळते आहे.

एवढे झाल्यावरच हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच होज पाइप टणक होणे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येत राहणे, एकच स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा स्वच्छ निघणे, ही त्याची लक्षणे. ऑइलच्या झाकणाखालचा दुधी थर पुरावा नाही. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो दमटपणानेही धरतो. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइलच दुधी असेल तर मात्र गाडी चालवू नये. ऑइल स्वच्छ असले म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण कूलंट नुसते सिलिंडरमध्येही जाऊ शकते. खात्रीसाठी निळ्या द्रवाची गॅस टेस्ट आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात. तीत जळलेला वायू असेल तर निळा रंग पिवळा पडतो. पेट्रोल गाडीत आणखी एक उपाय: त्याच हातपंपाने रात्रभर दाब ठेवून सकाळी सगळे प्लग काढावेत, इग्निशन आणि इंधन बंद ठेवून, भोकांवर न वाकता स्टार्टर मारावा. ज्या भोकातून फवारा उडेल तो सिलिंडर दोषी. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असताना प्लग न काढता स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

गॅरेजचालकांना आग्रहाची विनंती आहे की हेड उतरवण्याआधी प्रेशर टेस्ट आणि गॅस टेस्ट या दोन चाचण्यांचे निकाल गिऱ्हाइकाला समोर दाखवावेत, आणि गिऱ्हाइकांनीही ते मागावेत. गळती बुजवणारी पावडर टाकू नये. ती हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसते. पातळी फार उतरली की तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडत नाही, म्हणून काटा नॉर्मल दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नये. नळाच्या पाण्याने क्षार आणि गंज धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट सहसा निम्मे निम्मे वापरावे. काढलेले जुने कूलंट झाकणाच्या डब्यात ठेवावे, कारण त्यातले एथिलीन ग्लायकॉल विषारी असूनही चवीला गोड असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

आपला नम्र,
वाहनदुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक